साधंच काहीतरी

मेजवानीचा पदार्थ बिघडला तर सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. त्यात काजू असतात, मलई असते, वर कोथिंबीर पसरलेली असते. खाणारा मनाशी म्हणतो, हा असाच लागत असणार. साध्या वरणाला ही सवलत नाही. ते बिघडलं की पहिल्या घासाला कळतं, आणि नेमकं काय बिघडलंय ते घरातलं शेंडेफळही सांगू शकतं. त्यामुळे नवशिक्याने साध्यापासून सुरुवात करावी, हा सल्ला मला कधी पटलेला नाही. माझ्या भाच्याला तो पटला. त्यातून त्याने साधं म्हणून जे निवडलं ते चीनमधलं होतं.

भाचा डॉक्टर आहे. म्हणजे नानजिंगला वैद्यकी शिकून आलाय आणि इथे दवाखाना थाटण्याआधी जी परीक्षा द्यावी लागते तिच्या तयारीत आहे. परीक्षेच्या तयारीत असलेल्या माणसाला अभ्यास सोडून जगातलं काहीही करावंसं वाटतं. कोणी कपाट आवरायला काढतं, कोणी माळ्यावरची गिटार उतरवतं. ह्याने जाहीर केलं की येत्या रविवारी सगळ्यांनी ठाण्याला ताईकडे जेवायला यायचं; तो चिनी घरगुती जेवण करणार आहे.

"म्हणजे मंचुरियन?" माझ्या मुलीने आशेने विचारलं.

"चीनमध्ये मंचुरियन नावाचा पदार्थच नाही."

चीनहून परतलेला प्रत्येक माणूस हे वाक्य बोलतो, आणि ते खरंही आहे. कोलकात्यात जन्मलेल्या नेल्सन वँग यांनी १९७५ च्या सुमाराला मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियामध्ये आलं, लसूण, हिरवी मिरची अशी आपली नेहमीची तयारी घेतली आणि गरम मसाल्याच्या जागी सोया सॉस आणि कॉर्नफ्लोअर घातलं, अशी त्याची जन्मकथा सांगतात. ती खरी धरली तर मंचुरियनचं गाव चर्चगेट स्टेशनहून पायी जाण्याच्या अंतरावर आहे. तिथून ते हातगाड्यांवर आलं, लाल झालं, कोबीचं झालं आणि आता लग्नाच्या पंगतीत जिलबीशेजारी बसतं. माझी त्याच्याबद्दल काहीच तक्रार नाही. पण भाच्याला ते चालत नव्हतं. त्याला खरं हवं होतं.

हे खरं त्याला कुठे भेटलं, तर नानजिंगच्या वसतिगृहासमोर वह्या-पेनांचं दुकान चालवणाऱ्या एका बाईंच्या घरी. पाच-सहा वर्षांत स्वयंपाकाच्या बाबतीत तो एवढंच शिकला होता की कॅन्टीनमध्ये कुठल्या चित्रावर बोट ठेवायचं आणि नूडल्सच्या पेल्यात गरम पाणी कुठल्या रेषेपर्यंत ओतायचं. ह्या बाई मात्र त्याला अधूनमधून घरी जेवायला बोलवायच्या. तिकडे अशा वडीलधाऱ्या बाईला 'आयी' म्हणायची पद्धत आहे. त्यामुळे तो आठवडा ताईच्या घरात फार गैरसमजाचा गेला.

"हे आयीला विचारायला हवं."

"विचार की. मी इथेच आहे."

"तू नाही गं आई. आयी!"

ताईने दोन-तीनदा ऐकून घेतलं आणि मग मला फोन केला. "फी आम्ही भरली," ती म्हणाली, "आणि विचारायचं मात्र आयीला."

विचारणंही सोपं नव्हतं. चिनी माणूस वीचॅटवर भेटतो, आणि वीचॅटवर आपल्याकडे २०२० साली बंदी आली. मग आयीची सिंगापूरला नोकरी करणारी मुलगी मध्यस्थ झाली. प्रश्न ठाण्याहून व्हॉट्सअ‍ॅपवर सिंगापूरला जायचा, तिथून वीचॅटवर नानजिंगला, आणि उत्तर त्याच वाटेने इंग्रजी होऊन परत यायचं. मीठ किती? "आई म्हणते, नेहमीएवढं." किती वेळ परतायचं? "झालं की काढायचं." व्हिनेगर कधी घालायचं? "उशीर करू नकोस, पण घाईही नको." शेवटी मुलगी स्वतःच्या पदरचं एक वाक्य घालायची: मला हे काहीच येत नाही, मी बाहेर जेवते.

माझ्या आईला ही उत्तरं वाचून दाखवली. ती म्हणाली, "बाई शहाणी दिसते."

बेत ठरला तो असा: चार पदार्थ आणि एक सूप, सोबत पांढरा भात. चिनी घरात ह्याला बेताचं जेवण समजतात. मिंग घराण्याचा संस्थापक चू युआनचांग ह्याने १३६८ साली नानजिंगला राजधानी केली. तो गरिबीतून वर आलेला. राणीच्या वाढदिवसाला सगळे अधिकारी हात चोळत जमले तेव्हा त्याने मुळा, पालेभाज्या आणि टोफूचं सूप एवढंच पुढे ठेवून त्यांना काटकसरीचा धडा दिला. चार पदार्थ आणि सूप ही चाल तिथून पडली, अशी कथा आहे. कथा म्हणूनच ती घ्यायची. पण अधिकाऱ्यांचे चेहरे कसे झाले असतील हे मला रविवारी रात्री प्रत्यक्ष पाहायला मिळालं.

चार पदार्थ म्हणजे ठेचलेली काकडी, अंडं-टोमॅटो, बटाट्याचे आंबट-तिखट तंतू आणि वाफवलेलं पापलेट. सूप कोहळ्याचं.

यादी ऐकून भाऊजी काही बोलले नाहीत. ते मूळचे कोल्हापूरचे, नोकरी फोर्टात झालेली. नानजिंग म्हटलं की त्यांच्या डोळ्यांपुढे शहर येत नाही, कुलाब्याला एके काळी 'नानकिंग' नावाचं रेस्टॉरंट होतं ते येतं. त्यांची अपेक्षा त्या मानाची होती. "काकडी, टोमॅटो, बटाटा," ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "ह्यात चायनीज काय आहे?" प्रश्न रास्त होता. टोमॅटो, बटाटा आणि मिरची ही तिन्ही मंडळी अमेरिकेतून निघून चीनला पोचली आणि आपल्याकडेही. दोन्हीकडे आता ती जन्मापासून इथलीच असल्यासारखी वागतात. पण हे भाऊजींना सांगून उपयोग नव्हता. त्यांना लाल सॉस हवा होता.

मी स्वयंपाकात मदत करत नाही, वाचन करतो. ह्या वेळी तर फारच उपयुक्त मजकूर हाती लागला. अठराव्या शतकात युआन मेइ नावाचा एक कवी तिशीतच सरकारी नोकरी सोडून नानजिंगला आपल्या बागेत राहिला, आणि तिथे त्याने आयुष्यभर खाल्लं. कुठे काही चांगलं जेवला की आपल्या आचाऱ्याला त्या घरी शिकायला पाठवायचा. १७९२ साली त्याने ह्या सगळ्याचं पुस्तक काढलं. पुस्तकात आधी नियम आणि मनाई येतात, पाककृती मागून. त्यात तो म्हणतो की आचारी कितीही नामांकित असो, एका दिवसात त्याच्या हातून चार-पाचच पदार्थ चांगले उतरतात. बाकीची नुसती भर असते. मी हे स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून वाचून दाखवलं.

"माझे चारच आहेत," भाचा म्हणाला.

"तो नामांकित आचाऱ्यांबद्दल बोलतोय," मी म्हणालो.

सामानाची गोष्ट आधी सांगायला हवी होती. भाच्याने परदेशी सामान विकणाऱ्या दुकानातून बाटल्या मागवल्या होत्या: पातळ सोया सॉस चवीला, दाट सोया सॉस रंगाला, नानजिंगशेजारच्या झेनजिआंग गावचं काळं व्हिनेगर. ह्यांत पैसे गेले. बाकीचं सगळं सामान घरात किंवा कोपऱ्यावर निघालं, आणि ही गोष्ट त्याच्या मनाला लागली. कोहळा घ्यायला गेला तर भाजीवाल्याने विचारलं, "वास्तुशांत का?" सूप करायचंय म्हटल्यावर त्याने पैसे घेतले आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. घरी आल्यावर ताई आणि माझी बायको दोघींनीही कोहळ्याला सुरी लावायला नकार दिला. अख्खा कोहळा बाईने फोडायचा नाही, पहिला घाव पुरुषाचा, ही आमच्याकडची रीत. बाकी सगळ्या स्वयंपाकात बायकांवर भरवसा ठेवणाऱ्या समाजाने हे एकच काम पुरुषांसाठी का राखून ठेवलं, देव जाणे. भाच्याच्या हातून त्या दिवशी निर्विवाद झालेलं काम तेवढं एकच.

कोहळ्याच्या सूपमध्ये सुकी बारीक कोळंबी लागते. माझी बायको मालवणची. तिने पिशवीतून जवळ्याची पुडी काढली. आईसाठी बिनजवळ्याचं पातेलं वेगळं ठेवायचं ठरलं. मग भाचा सिच्वान मिरं मिळालं नाही म्हणून हळहळू लागला. हे मिरं म्हणजे जिभेला मुंग्या आणणारं ते प्रकरण. आपल्याकडे 'शेजवान' नावाने जे विकतात त्यात ते सहसा औषधालाही नसतं. बायकोने दुसरी पुडी काढली. तिरफळं! बांगड्याच्या आमटीत पडतात ती. भाच्याने फोनवर शोधलं आणि मान्य केलं की ही दोन झाडं सख्खी नसली तरी चुलतबहिणी आहेत, दोघींचं घराणं झँथोझायलम. "बी काढून टाक, कडू लागतं," बायको म्हणाली. फोनवर हे नव्हतं.

एकदाच जीव टांगणीला लागला. तिळाचं तेल हवं होतं आणि ते देवघरात होतं. चिनी स्वयंपाकात तीळ खमंग भाजून काढलेलं तेल वरून थेंब-थेंब घालतात. आपलं देवघरातलं तेल हे शनिवारच्या दिव्याचं, बाटलीवर 'फक्त पूजेसाठी' असं छापलेलं. भाचा ते काकडीवर ओतणार तेवढ्यात ताईने त्याचा हात धरला. शेवटी तीळ भाजून कुटून घातले.

काकडी ठेचण्यासाठी त्याने तिकडून आणलेला सुरा बाहेर काढला. चिनी घरात हा एकच रुंद सुरा सगळं करतो: कापतो, चिरतो, आडव्या पात्याने लसूण चेचतो आणि चिरलेलं उचलून कढईपर्यंत नेतोही. ताईने तो पाहिला आणि विचारलं, "हा विमानात कसा येऊ दिला?" सामानात टाकून आणला होता. भाच्याने आडवं पातं काकडीवर ठेवलं, वर तळहाताने हाणलं, आणि काकडीचा एक तुकडा फ्रिजवर गेला. तंत्र मात्र बरोबर आहे. ठेचलेल्या काकडीला जागोजागी चिरा पडतात आणि लसूण-व्हिनेगर आत मुरतं; कापलेल्या गुळगुळीत चकत्यांवरून ते घरंगळून जातं. आईने चव घेतली. "दाण्याचं कूट राहिलं," ती म्हणाली आणि पुन्हा वाटी पुढे केली.

खरी लढाई बटाट्याची झाली.

हा पदार्थ चीनमध्ये इतका रोजचा आहे की त्याचं कौतुक करणारा माणूस तिकडे वेडा ठरावा. बटाटे काडीएवढे बारीक उभे चिरायचे, पाण्यात धुऊन पिठूळपणा काढून टाकायचा, कडकडीत तेलात सुकी मिरची आणि ते मुंग्या आणणारं मिरं, वर बटाटा, व्हिनेगर, मीठ, आणि दीड-दोन मिनिटांत खाली. बटाटा दातांखाली कुरकुरला पाहिजे. आता हे मराठी घरात सांगून पाहा.

आधी चिरणं. भाच्याच्या पहिल्या बटाट्यातून फ्रेंच फ्राइज झाले असते, दुसऱ्यातून रस्स्याच्या फोडी. आई बराच वेळ हे बघत होती. मग ती काही न बोलता विळी घेऊन जमिनीवर बसली, आणि शेजारच्या काकूंशी त्यांच्या गुडघ्याच्या ऑपरेशनबद्दल बोलता बोलता तिने दोन किलो बटाट्यांचे इतके एकसारखे तंतू पाडले की भाच्याने त्याचा फोटो सिंगापूरला पाठवला.

मग व्हिनेगर. भाच्याने ते अगदी सुरुवातीला घातलं आणि डॉक्टर असल्याने कारणही सांगितलं: आंबट असलं की भाजीतलं पेक्टिन लवकर सुटत नाही, त्यामुळे बटाटा मऊ पडत नाही.

"म्हणून तर डाळ शिजल्याशिवाय चिंच घालायची नसते," ताई म्हणाली.

"अगदी बरोबर!"

"म्हणजे तू बटाटा शिजू नये म्हणून मुद्दाम आंबट घालतोयस."

"हो."

स्वयंपाकघरात काही क्षण फक्त चिमणीचा पंखा ऐकू येत होता.

त्यानंतर जे झालं त्याला कोणाचाच इलाज नव्हता. आपल्या बाईचा हात भाजी कढईत पडली की झाकणाकडे जातो. झाकण ठेवायचं, त्यावर पाणी घालायचं, आच मंद करायची आणि तेवढ्यात कणीक भिजवून घ्यायची. आपला सगळा स्वयंपाक ह्या वाफेच्या भरवशावर उभा आहे. भाजी तिची ती शिजते, आपण दुसरं काम करतो. चिनी परतण्यात दुसरं काम नाही. ती दोन मिनिटं कढईपासून हलायचं नाही, पण त्याआधी सगळं चिरून, मोजून, वाट्यांत हाताशी ठेवलेलं असलं पाहिजे. भाचा व्हिनेगरची बाटली ठेवायला वळला आणि ताईने झाकण ठेवलं. त्याने काढलं. तो मीठ शोधायला वळला. मीठ अर्थातच हाताशी नव्हतं. माझ्या बायकोने झाकण ठेवलं. तिला विचाराल तर तिला आजही ते आठवत नाही.

तशातही एका घाण्यापुरता बटाटा बरा झाला असता. पण पाककृती चौघांची होती, माणसं नऊ, आणि भाच्याने नऊ जणांचा बटाटा एकदम कढईत घातला. मी लगेच युआन मेइ काढला. परतायच्या पदार्थात अर्ध्या जिनपेक्षा जास्त मांस घेऊ नका, म्हणजे तेव्हाच्या वजनाने साधारण तीनशे ग्रॅम. जास्त झालं की आच आतपर्यंत पोचत नाही, असं तो बजावतो. "मामा," भाचा म्हणाला, "हे आधी का नाही वाचलंत?" मी पुस्तक क्रमाने वाचतो. कढईत एव्हाना पाणी सुटलं होतं. खालचा बटाटा मऊ झाला, वरचा जसाच्या तसा राहिला आणि मधला कुठल्याच देशाचा राहिला नाही.

पापलेट त्या मानाने सुखरूप पार पडलं, कारण ते माझ्या बायकोने बाजारातून निवडून आणलं होतं आणि भाच्याला त्याला फारसा हात लावू दिला नाही. आल्याचे काप पसरून आठेक मिनिटं वाफेवर. हळद नाही, तिखट नाही, आगळ नाही. "आजाऱ्याचं आहे," ती पुटपुटली. भाऊजी मात्र दर दीड मिनिटाने येऊन झाकण उचलून बघत होते. सारखं झाकण उघडलं की फेस वाढतो आणि सुगंध जातो, हेही युआन मेइने लिहून ठेवलंय. मी ते वाचलं, भाऊजींनी ऐकलं आणि पुन्हा झाकण उचललं. शेवटी माशावर कांद्याची पात आणि आल्याच्या काड्या पसरून भाच्याने कडकडीत तेल ओतलं. चर्र आवाज झाला, वास घरभर गेला, आणि दिवसभरात पहिल्यांदाच सगळ्यांचे चेहरे उजळले. "फोडणी!" शेजारच्या काकू बाहेरच्या खोलीतून म्हणाल्या.

अंडं-टोमॅटो शेवटी राखून ठेवलं होतं. चिनी मूल आयुष्यात पहिला पदार्थ शिकतं तो बहुधा हा. २०१७ साली एका चिनी बँकेची जाहिरात तिकडे फार गाजली: परदेशात शिकायला गेलेला मुलगा मित्रांसाठी हाच पदार्थ करायला घेतो, अंडं आधी की टोमॅटो आधी हे त्याला कळत नाही, म्हणून आईला विचारतो, आई-बाप स्वयंपाकघरात उभे राहून करून दाखवतात आणि त्याला चित्रफीत पाठवतात. नंतर त्याच्या ध्यानात येतं की तिकडे तेव्हा पहाटेचे चार वाजले होते. ती पाहून लाखो लोक रडले. भाच्यालाही ऐन वेळी नेमकी तीच शंका आली. आपले साडेआठ म्हणजे नानजिंगचे अकरा. सिंगापूरचेही अकराच. त्याने निरोप पाठवला. कोणी उठलं नाही. जाहिरातीतली आई-बापं जाहिरातीतच असतात.

मी पुन्हा मदतीला धावलो. १९४५ साली न्यूयॉर्कला एक चिनी पाकपुस्तक निघालं. बाईंचं नाव बुवेइ यांग चाओ, जन्म नानजिंगचा आणि शिक्षणाने डॉक्टर! जपानला वैद्यकी शिकताना तिथलं जेवण घशाखाली उतरेना म्हणून त्या स्वतः रांधायला शिकल्या. (भाच्याने हे ऐकून माझ्याकडे रागाने पाहिलं.) त्या पुस्तकात अंड्याची कृती मात्र त्यांच्या नवऱ्याने लिहिलीय. नवरा भाषाशास्त्राचा मोठा पंडित, आणि हा एकच पदार्थ आपल्याला चांगला येतो असं सांगणारा. त्याने ती अशा काटेकोरपणे लिहिलीय की काय सांगू: दोन अंडी एकमेकांवर आपटली की फुटतं एकच, तेव्हा सहावं फोडायला सातवं लागेल, आणि सातवंच आधी फुटलं तर तेच वापरा, सहावं ठेवून द्या.

"टोमॅटो आधी की अंडं आधी?" भाचा ओरडला.

त्या कृतीत टोमॅटो नव्हते.

ताईने अंडी फेटून आधी परतून काढून ठेवली, त्याच तेलात टोमॅटो मऊ केले आणि अंडी परत सोडली. तिकडेही असंच करतात. तिला कोणी सांगितलं नव्हतं. पुढे चिमूटभर साखरेचा प्रश्न आला. ती घालावी की घालू नये ह्यावर चिनी घरांतही एकमत नाही. भाऊजींनी अंड्यात साखर हे शब्द ऐकले आणि ते स्वयंपाकघरातून निघून गेले.

नऊच्या पुढे पानं मांडली. पानं म्हणणं बरोबर नाही, कारण ताटंच नव्हती. मधोमध चार बशा आणि सूप, प्रत्येकापुढे भाताची वाटी. आईला हे फार अवघड गेलं. मीठ, लिंबू, चटणी डावीकडे, भाजी उजवीकडे, असं ती सत्तर वर्षं जेवली. वाटीला डावी-उजवी बाजू नसते. दुसरी अडचण उष्ट्याची. प्रत्येकाने तोंडात घातलेल्या काड्या मधल्या बशीत घालायच्या हे ऐकून काकूंनी चमचा खाली ठेवला. भाच्याने घाईघाईने सांगितलं की आता चीनमध्येही वाढायच्या काड्या वेगळ्या ठेवा म्हणून सरकारच मागे लागलंय, आणि प्रत्येक बशीला एकेक जोडी लावली. "डाव ठेवला म्हणजे झालं," आई म्हणाली.

माझ्या मुलीने मोकळा हात हवा म्हणून आपल्या काड्या भातात उभ्या खोचल्या. भाचा किंचाळलाच. तिकडे गेलेल्या माणसापुढे उदबत्त्या लावतात त्या अशा. आईने काही न विचारता हात लांब करून त्या काढून टाकल्या. सगळ्या जेवणात तिला समजावून सांगावी न लागलेली गोष्ट ही एकच.

भात मात्र सर्वांना आवडला. चिनी घरातला भात गाडीवरच्या फ्राइड राइससारखा सुटा नसतो. काडीने उचलता यावा इतका धरून राहतो. ताईने आंबेमोहोर लावला होता, कारण घरात तोच होता. सूपही संपलं. कोहळ्याची फोड आरपार दिसेपर्यंत शिजली होती. जवळ्यावर मालवणचा शिक्का होता. भाच्याने तिकडच्या यजमानासारखा माशाच्या गालाचा मऊ तुकडा काढून मामीच्या वाटीत ठेवला. तिने नको नको म्हटलं, त्याने आणखी एक ठेवला. दोघांनाही ह्या खेळाचे नियम पाठ होते.

बटाट्याजवळ गाडी थांबली. काकू म्हणाल्या, चव छान आहे, नुसता शिजायचा राहिलाय. आई म्हणाली, कच्चा आहे, पण लहान मुलाने केलाय. माझी मुलगी तिरफळ चावून गप्प झाली होती. तिच्या ओठांना मुंग्या येत होत्या. भाऊजींनी सगळं व्यवस्थित खाल्लं, हात धुतले, टेबलाशी परत आले आणि मोठ्या मनाने म्हणाले, "चांगलं झालंय रे. पण चायनीजसारखं लागत नाही."

उशीर झाल्यामुळे आम्ही तिथेच राहिलो. सकाळी उठलो तेव्हा भाचा फोन घेऊन बसला होता. रात्री पाठवलेले फोटो आयीने उठल्यावर पाहिले होते आणि सिंगापूरमार्गे उत्तर आलं होतं. मासा चांगला दिसतोय. टोमॅटो ठीक. बटाट्याचं चिरकाम फार सुंदर, कोणी केलं? पण बटाटे जास्त शिजलेत.

हे मी ताईला सांगायला गेलो, तर तिने रात्रीचे उरलेले बटाटे कढईत घेतले होते. मोहरी, हिंग, हळद, वर झाकण आणि झाकणावर पाणी. बाजूच्या तव्यावर पोळ्या चालल्या होत्या आणि भाऊजी ताट घेऊन आधीच बसले होते. भाचा मागोमाग आला, त्याने झाकण उचलून वास घेतला, एक तंतू तोंडात टाकला, मग दुसरा टाकला.

"आई, हे किती वेळ ठेवायचं?"

"झालं की काढायचं," ताई म्हणाली.

त्याने ते सिंगापूरला कळवलं.